दर उन्हाळ्यात अंडी घटतात, कवच पातळ पडतं, दुपारी कोंबड्या दगावतात: आधी रात्रीचं खुराडं तपासा

शिमगा सरला की खटाव, माण, आटपाडी, जत या पट्ट्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. दारात पंधरा-वीस कोंबड्या असतात, माघापर्यंत रोजची आठ-दहा अंडी निघत असतात. पाडव्याच्या सुमारास ती निम्म्यावर येतात. एखादं अंडं इतकं पातळ निघतं की उचलतानाच बोट आत जातं. दुपारी कोंबड्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सुटे धरून धापा टाकत बसतात, दाणे टाकले तरी उठत नाहीत. आणि वैशाखात एखाद्या दिवशी तीन-चारच्या दरम्यान कळपातली सगळ्यात भरलेली, नेमाने अंडी देणारी कोंबडी मरून पडलेली सापडते. मालकीणबाई सांगतात, "काल सांजच्याला तर दाणं टिपत हुती, ताई. काय झालं तेच कळंना."

मग दुकानातून औषध येतं. कोणी प्रतिजैविकाची पुडी देतं, कोणी कॅल्शियमची बाटली आणतं. फरक पडत नाही म्हणून दुसरं औषध येतं. तेवढ्यात वळीव होतो, मृग लागतो, हवा उतरते आणि अंडी परत सुरू होतात. शेवटी जे औषध दिलं त्याला गुण आला असं सगळे धरून चालतात. पुढच्या वर्षी तेच औषध आधीपासून आणून ठेवलेलं असतं आणि पुन्हा तेच घडतं. हा त्रास वर्षानुवर्षं सुटत नाही त्याचं मोठं कारण हे आहे. पावसाने बरं केलेलं औषधाच्या नावावर लागतं आणि खुराडं आहे तसंच राहतं.

पाणी शिंपडणं, पोती ओली करणं ही सगळी धावपळ आपण दुपारी करतो, कारण त्रास दुपारी दिसतो. पण मी जिथे जिथे हे पाहिलं आहे तिथे बहुतेक घरी खरी चूक रात्रीच्या खुराड्यात आणि दाणे घालायच्या वेळेत होती. म्हणून या लेखात जास्त जागा रात्रीला दिली आहे.

आधी रोग नाही ना, ते बघा

उन्हाची मर आणि मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) यांत गल्लत झाली तर अख्खा कळप जातो, त्यामुळे हे आधी. उन्हाने त्रासलेली कोंबडी सकाळी सहा-सात वाजता बघा. ती ठीक असते, उकरते, चरते. धाप लागते ती अकराच्या पुढे आणि दिवस मावळल्यावर हळूहळू ओसरते. मर दुपारच्या नाहीतर संध्याकाळच्या वेळेलाच होते आणि आधी जड कोंबड्या जातात. पिल्लं आणि तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या) बहुधा टिकून असतात. पाणी जास्त प्यायल्यामुळे विष्ठा पातळ होते, पण रंग फारसा बदलत नाही.

मानमोडीत कोंबडी सकाळीही गप्प असते. हिरवट हगवण लागते, घरघर ऐकू येते, पुढे मान वळते, पाय लुळे पडतात. लहान-मोठं असा भेद राहत नाही आणि मर रात्री-पहाटेही होते. अशी लक्षणं दिसली किंवा एका-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या गेल्या तर घरगुती उपाय थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नुकतीच मेलेली कोंबडी प्लॅस्टिकच्या पिशवीत, भोवती बर्फ ठेवून लवकर नेली तर शवविच्छेदनातून कारण कळू शकतं. उन्हात पाच-सहा तास पडलेल्या कोंबडीतून काही कळत नाही. खंडाळा, वाई, फलटणकडच्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

लसीबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. मानमोडीची लस जिवंत विषाणूची असते, तिला थंडावा लागतो. एप्रिलमध्ये दुकानातून बाटली शर्टाच्या खिशात टाकून वीस किलोमीटर मोटरसायकलवर आणली तर ती टोचून काही उपयोग नाही. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, टोचायचं काम पहाटे करा आणि औषध कालवलं की एक-दोन तासांत संपवा. उन्हाळ्यात "लस देऊनही मानमोडी आली" असं लोक म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा ही गरम झालेली बाटली असते.

कोंबडीच्या अंगात काय चालतं

कोंबडीच्या अंगाची ऊब मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. तिला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नाहीत. अंगभर पिसांचं पांघरूण. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी), पाय, पंखांखालची उघडी कातडी एवढीच जागा. बाहेरची हवा ३० अंशांच्या पुढे गेली की हे पुरत नाही आणि ती चोच उघडून धापा टाकायला लागते. धापेबरोबर घशातला ओलावा उडतो आणि तेवढी उष्णता जाते. हवा चाळिशीला पोचली की बाहेरची ऊब आणि अंगाची ऊब जवळजवळ सारखी होते, मग धाप हा एकच मार्ग उरतो. अंगाची ऊब आणखी पाच-सहा अंश चढली की जीव जातो.

पातळ कवचाचं कोडं इथेच सुटतं. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, खडूच्या जातीचं. त्यातलं कॅल्शियम खाण्यातून आणि हाडांतून येतं, पण दुसरा निम्मा भाग रक्तात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. धापा टाकताना कोंबडी तो वायू भराभर बाहेर फेकते. रक्त अल्कधर्मी होतं, कवचाला लागणारा माल रक्तात उरत नाही. म्हणजे कॅल्शियमची बाटली पाजूनही कवच पातळच राहतं, कारण तुटवडा दुसऱ्याच मालाचा आहे. शिवाय उन्हात ती खातेच कमी, त्यामुळे पोटात जाणारं कॅल्शियमही घटतं. धाप कमी झाली तरच कवच सुधारतं.

आणखी एक बाब लक्षात घ्या. एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळजवळ २० तास ते कवच चढण्याच्या जागी असतं. कवचाचा बराचसा भाग रात्री चढतो. कोंबडी रात्रीही धापा टाकत असेल तर सकाळचं अंडं पातळ येणारच.

रात्री दहा वाजता खुराड्याचं दार उघडा

एवढंच करून बघा. जेवणं उरकली, सगळीकडे सामसूम झाली, अंगणात वाऱ्याची झुळूक आहे, अशा वेळी खुराड्याचं दार उघडून हात आत घाला. बहुतेक खुराड्यांत आतली हवा बाहेरच्यापेक्षा चांगलीच गरम लागते आणि नाकाला झोंबणारा वास येतो. कोंबड्या दाटीने बसलेल्या असतात आणि अंधारातही काहींची चोच उघडी असते. रात्री दहाला चोच उघडी असेल तर त्या कोंबडीने दिवसाची उष्णता अजून टाकलेली नाही. ती तशीच पहाटेपर्यंत राहते आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात आदल्या दिवसाच्या शिलकीवर होते. सलग चार-पाच तापलेल्या दिवसांनी एखादी दुपारी पडते ती अशी.

आपल्याकडे निसर्गाने एक सोय केलेली आहे. सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत दिवसा कितीही तापलं तरी पहाटेपर्यंत उघड्यावरची हवा पुष्कळ उतरते. किनारपट्टीवर रात्रही दमट आणि उबदार राहते, इथे तसं नाही. कोंबडीला ही गार रात्र मिळाली तर दुपारचे ३९-४० अंश ती सोसते. पण आपण तिला पत्र्याच्या पेटीत कोंडतो आणि ती गार हवा बाहेरच राहते.

कोंडण्यामागे भीती खरी असते. रानमांजर येतं, भटकी कुत्री येतात, साप येतो, उसाच्या पट्ट्यात कराड, शिराळा, वाळव्याकडे बिबट्यासुद्धा. म्हणून चारी बाजूंनी पत्रा ठोकला जातो, वर एक वीतभर झरोका. राखण आणि वारा दोन्ही साधतात, पण त्यासाठी पत्र्याच्या जागी जाळी लागते. खालचा फूट-दीड फूट भाग विटांचा किंवा फळीचा ठेवा, त्याच्या वर छपरापर्यंत समोरासमोरच्या दोन बाजूंना अर्धा इंची वेल्डची जाळी लावा. षटकोनी घरांची पातळ कोंबडीजाळी कुत्रं दातांनी फाडतं, तिच्यावर भरवसा ठेवू नका. एकाच बाजूला जाळी लावून भागत नाही. वारा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडला पाहिजे. थंडीत आणि पावसात जाळीवर पोत्याचा किंवा ताडपत्रीचा पडदा सोडता येतो, म्हणजे बारमाही एकच खुराडं चालतं.

बांबूच्या डालग्याचंच उदाहरण घ्या. आजीच्या काळात कोंबड्या रात्री डालग्याखाली झाकायच्या आणि उन्हाळ्यात त्यांना एवढा त्रास नव्हता असं जुन्या बायका सांगतात. डालग्याच्या प्रत्येक विणीतून हवा खेळते आणि ते घराच्या पडवीत असायचं, दिवसभर उन्हात तापलेलं नसायचं. चार-पाच कोंबड्या असतील तर आजही मे महिन्यात पत्र्याच्या खुराड्यापेक्षा पडवीतलं डालगं चांगलं.

दाटी हा दुसरा भाग. थंडीत कोंबड्या एकमेकींना चिकटून बसतात ते ठीक, उन्हाळ्यात प्रत्येकीला दोन चौरस फूट तरी जागा हवी आणि बसायला दांड्या हव्यात. जमिनीवर बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली तापलेला भुसा असतो. दांडीवर बसलेल्या कोंबडीला खालूनही हवा लागते. दांड्या एकीवर एक शिडीसारख्या चढत्या नेऊ नका, कारण छपराजवळ सगळ्यात जास्त ऊब साठते आणि वरच्या दांडीवर बसायला कळपातली दांडगी कोंबडी भांडून जाते. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, छपरापासून लांब ठेवा.

तळाशी भुशाचा किंवा तुसाचा जाड थर असेल तर फाल्गुनातच काढा. कुजणारा थर स्वतः ऊब देतो आणि त्यातून सुटणारा अमोनिया धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या थेट घशात जातो. दोन इंच नवा कोरडा थर पुरे. काढलेलं खत शेतात किंवा परसातल्या भाजीला घाला, पण कुजवून. ताजं घातलं तर रोपं जळतात.

वीज असेल तर रात्री एक टेबल पंखा जाळीच्या बाहेरून आत वारा जाईल असा लावा. वायर कोंबड्यांच्या चोचीपासून लांब. मात्र पंख्याच्या भरवशावर जाळी टाळू नका, लोडशेडिंगच्या रात्री तो काय कामाचा?

छप्पर

लोखंडी पत्रा दुपारी हात लावू देत नाही आणि त्याची आग खाली बसलेल्या कोंबडीच्या पाठीवर उतरते. सगळ्यात स्वस्त उपाय पांढरा चुना. चुन्यात थोडा फेव्हिकॉल किंवा डिंक घालून पत्र्यावर दोन हात मारा, पावसाळ्यापर्यंत टिकतो. त्याहून चांगला उपाय उसाच्या पाचटाचा. कृष्णाकाठी, पलूस-वाळव्याकडे तोड संपत आली की पाचट फुकट मिळतं, कित्येक जण जाळतात. ते चार-सहा इंच जाडीचं पत्र्यावर पसरा, वरून जुन्या ठिबकच्या नळ्या किंवा जाळी टाकून बांधा. माणदेशात पाचट मिळत नसेल तर ज्वारीचा जुना, जनावरं खात नाहीत असा कडबा चालतो. चुलीच्या धुराड्याजवळ खुराडं असेल तर मात्र पाचट नको, ठिणगी पडली की क्षणात पेटतं. पाचटात उंदीर आणि त्यांच्यामागे साप येतो, म्हणून पावसाच्या आधी ते उतरवून टाका.

खुराडं नव्याने बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब भिंतींवर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पडत नाही. बांधून झालं असेल तर पश्चिमेच्या बाजूकडे लक्ष द्या. चार वाजता तिकडून ऊन आत शिरतं आणि वाराही बहुधा तिकडूनच येतो, त्यामुळे ती बाजू बंद करता येत नाही. तिथे भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे कडब्याचा तट्ट्या किंवा शेडनेट उभं करा. ऊन अडतं आणि वारा बाजूने शिरतो.

पाणी

एक मोठी कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आत-बाहेर पाणी पिते. कडक उन्हात ते दुप्पट होतं, कधी त्याहून जास्त. वीस कोंबड्यांना दहा-बारा लिटर पाणी लागतं आणि त्यातलं बरंचसं अकरा ते पाच या वेळेत. आता आपल्या घरी काय होतं बघा. सकाळी एक पसरट भांडं भरून अंगणात ठेवतात. दहा वाजता सावली सरकते आणि भांडं उन्हात येतं. बारा वाजता त्यातलं पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं गरम. कोंबडी एक घोट घेते, मान झटकते आणि निघून जाते. भांडं भरलेलं दिसतं म्हणून आपणही निश्चिंत असतो.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी नळातून थेट भरू नका, ते आधीच तापलेलं असतं. माठातलं किंवा रांजणातलं पाणी घ्या. मातीची परळं सगळ्यात उत्तम, त्यातून पाझरून पाणी गार राहतं. एका भांड्याऐवजी तीन-चार ठिकाणी ठेवा, कारण दांडग्या कोंबड्या गरीब कोंबड्यांना भांड्याजवळ येऊ देत नाहीत. जागा अशी निवडा जिथे दुपारी तीनलाही सावली असेल आणि अकराला व दोनला जुनं पाणी ओतून नवं भरा. हे ओतलेलं पाणी वाया घालवायचं नाही. झाडाखाली, शेवग्याच्या नाहीतर कडुनिंबाच्या बुंध्याशी टाका. तिथली माती ओली झाली की कोंबड्या ती उकरून तिच्यात पोट टेकून पसरतात आणि त्यांच्या अंगातली ऊब मातीत जाते. ओल्या मातीचा हा खड्डा मला पोत्यांवर पाणी मारण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी वाटतो आणि त्याला खर्च शून्य.

जनावरांच्या औषधाच्या दुकानात इलेक्ट्रोलाइटची पावडर मिळते. कडक उन्हाच्या दिवसांत पाकिटावरच्या प्रमाणाने सकाळी ती पाण्यात द्या, दुपारनंतर साधं पाणी. अंदाजाने मीठ घालणं टाळा, जास्त मीठ कोंबडीला विषासारखं आहे. क जीवनसत्त्व कोंबडीचं शरीर एरवी स्वतः बनवतं, उन्हाच्या ताणात ते अपुरं पडतं, म्हणून ते दिल्याने मदत होते. पाण्यात कालवल्यावर ते टिकत नाही, सकाळचं दोन-तीन तासांत संपेल एवढंच करा.

दाणे कधी घालता

खाल्लेलं पचताना अंगात ऊब तयार होते आणि तिचा जोर खाल्ल्यावर काही तासांनी चढतो. सकाळी नऊ-दहाला सगळी कामं आटपून सूपभर मक्याचे दाणे टाकले तर त्याची ऊब नेमकी एक-दोन वाजता, वरून आग ओकत असताना. म्हणून पहिलं खाणं उजाडता उजाडता, सहाच्या आधी. नऊला भांडी उचला. पुढचं खाणं ऊन उतरल्यावर, साडेपाच-सहाला. मधल्या वेळेत हिरवा पाला, कोथिंबिरीचे देठ, काकडीची सालं, कलिंगडाच्या फोडी. त्यात बहुतेक पाणीच असतं.

अंडी कमी झाली म्हणून शेंगपेंड वाढवणारे पुष्कळ जण आहेत. प्रथिनं पचवताना सगळ्यात जास्त ऊब तयार होते, त्यामुळे नुसती पेंड वाढवल्याने दुपारचा त्रास वाढतो. नेहमीचं मिश्रण तसंच ठेवा आणि वेळ बदला. शिंपल्याचा किंवा चुनखडीचा चुरा मात्र संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा, दाण्यात मिसळून नको. कवच रात्री चढतं तेव्हा तो पोटात असला पाहिजे, आणि जिला गरज आहे ती स्वतः खाते. भरड, हरभऱ्याच्या डाळीएवढा चुरा पिठासारख्या चुऱ्यापेक्षा चांगला, तो पोटात हळूहळू विरघळतो.

"दिवा लावा, अंडी वाढतील" असा सल्लाही मिळेल. मे महिन्यात आपल्याकडे दिवस तेरा तासांच्या आसपास असतो, घट उजेडाच्या कमतरतेने होत नाही. लावायचाच असेल तर पहाटे चारला एक छोटा एलईडी लावा, म्हणजे कोंबड्या गारव्यात उठून खातील. जुना पिवळा बल्ब रात्री जाळून खुराड्यात आणखी ऊब भरू नका.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या बागायतदारांसाठी एक सूचना. द्राक्षबागेखाली कोंबड्या सोडायची सवय असते, सावलीही मिळते. पण एप्रिलची खरड छाटणी झाली की मांडव उघडा पडतो, नेमक्या कडक उन्हात सावली नाहीशी होते. आणि फूट निघाली की फवारण्या सुरू होतात. त्या दिवसांत कोंबड्यांना बागेत जाऊ देऊ नका, फवारलेल्या पानावरची अळी त्या आधी टिपतात.

दुपारी कोंबडी पडली तर

मान टाकलेली, डोळे मिटलेले, पाय गरम, धाप मंदावलेली अशी कोंबडी सापडली तर हातात मिनिटं असतात. तिला न पळवता, शांतपणे उचलून सावलीत वाऱ्याच्या जागी न्या. माठातल्या पाण्याने पाय, तुरा, गलोल आणि पंखांखालची कातडी ओली करा. पाय घोट्यापर्यंत पाण्यात धरले तरी चालतं. वारा घाला. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, एकदम गार झाल्याने रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली ऊब आतच अडकते. चोच उघडून तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन कोंबडी तिथेच संपते. चोचीच्या कडेला बोटाने एकेक थेंब लावा, ती गिळायला लागली की भांड्यापाशी धरा. उठून उभी राहिली तरी त्या दिवशी कळपात सोडू नका, दांडग्या कोंबड्या तिला टोचतात.

एक पडली म्हणजे बाकीच्याही काठावर आहेत. त्या वेळी कोणालाही पकडू नका, हाकलू नका, पोरांना आणि कुत्र्याला अंगणातून बाहेर काढा. विकायला, लस टोचायला, पाय बांधून बाजारात न्यायला दुपारची वेळ कधीच घेऊ नये. आठवडी बाजारातून पोत्यात घालून आणलेल्या कोंबड्या घरी पोचेपर्यंत मरतात, त्यात रोगाचा संबंध नसतो.

पोती ओली करून लावायची असतील तर वाऱ्याच्या बाजूला आणि जाळीपासून दोन-तीन फूट अंतर राखून. चारी बाजूंनी ओली पोती लावून बंद केलेल्या खुराड्यात हवा दमट होते आणि धापेतून उडणारा ओलावा उडेनासा होतो. कोरड्या ४० अंशांपेक्षा दमट ३६ कोंबडीला जड जातात. म्हणून वळवाच्या आगेमागे, आभाळ भरून येतं आणि वारा पडतो, त्या दिवसांत पाणी शिंपडणं बंद करा आणि हवा खेळती ठेवा. पाऊस येणार म्हणून लोक त्या दिवशी ताडपत्र्या ओढतात आणि सगळ्यात जास्त मर त्याच संध्याकाळी होते.

जात आणि वजन

गिरिराज, वनराजा या जाती अंगाने भरतात, त्यांचे नर तीन-चार किलोंवर जातात. पाटण, जावली, महाबळेश्वरच्या गारव्यात त्या छान राहतात. जत-आटपाडीत उन्हाळ्याआधी जड नर विकून टाकणं शहाणपणाचं. अंड्यांसाठीची ग्रामप्रिया ही जात अंगाने हलकी असते. गावठी कोंबडी अंडी कमी देते, पण अंग हलकं, पाय उंच, त्यामुळे ऊन सोसते. उघड्या मानेची कोंबडी दिसायला अनेकांना आवडत नाही, तरी तिच्या मानेवर पिसं नसल्याने उष्णता तिथून जाते आणि कडक उन्हात ती इतरांपेक्षा बरी अंडी देते. आपल्या पूर्व भागात तिला लोकांनी जागा द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

एवढं करूनही अंडी आली नाहीत तर

जाळी, छप्पर, पाणी, दाण्यांची वेळ हे सगळं बदलल्यावर धाप दोन-चार दिवसांत कमी झालेली दिसते, कवच आठवड्याभरात सुधारतं. अंड्यांची संख्या त्यानंतर हळूहळू वर येते. ती आलीच नाही तर खुडूक कोंबड्या वेगळ्या काढा. उन्हाळ्यात गावठी कोंबड्या खुडूक होतातच, आणि खुडूक कोंबडी दिवसभर आत अंड्यांच्या जागेवर बसून राहते, पाणी प्यायलाही उठत नाही. त्या गरम कोपऱ्यात ती सगळ्यात आधी दगावते. पिल्लं काढायची नसतील तर तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खाली हवा लागेल असं चार-पाच दिवस ठेवा. पिल्लं काढायची असतील तर वैशाखातली अंडी साठवून बसवू नका. नर असलेल्या कळपातली अंडी उन्हाच्या उबेनेच आतून अर्धवट वाढायला लागतात आणि मग कुजतात. दिवसातून दोनदा अंडी गोळा करून माठाजवळ ठेवायची ती यासाठीच, नाहीतर खाण्याची अंडीसुद्धा खराब निघतात.

मग रात्री बॅटरी घेऊन दांड्यांच्या टोकांकडच्या फटी बघा. तिथे बारीक लाल किडे दडलेले असतात, दिवसा दिसत नाहीत, रात्री चढून रक्त पितात. उन्हाळ्यात ते झपाट्याने वाढतात, तुरा फिका पडतो आणि अंडी बंद होतात. दांड्या काढून उकळत्या पाण्याने धुवा, फटींत चुना भरा, औषध पशुवैद्यांना विचारून मारा. कोंबड्यांना लोळायला कोरड्या मातीत राख मिसळलेला खड्डा करून द्या, अंगावरच्या उवांना तो पुरतो.

आणि पाऊस लागून तीन-चार आठवडे झाले, हवा गार आहे, किडे नाहीत, तरी अंडी नाहीत, तर कोंबडीचं वय मोजा. दोन वर्षांपुढे अंडी कमी होणारच. पावसाळा संपता संपता मानेची, पाठीची पिसं झडत असतील तर ती पिसं बदलते आहे. तोवर अंडी बंदच राहतात, औषध लागत नाही, नवी पिसं भरली की ती पुन्हा घालते.